सतरा दिवसांचे पाहुणे, दहा वर्षांचे ठसे

२०१२ च्या जुलै महिन्यात ऑलिम्पिकसाठी लंडनला पोहोचलेल्या परदेशी पाहुण्यांचे इमिग्रेशनच्या दृष्टीने तीन वर्ग होते. पहिला वर्ग ज्यांना ब्रिटनच्या अल्पकालीन भेटीसाठी व्हिसाच लागत नव्हता अशांचा. युरोपीय, अमेरिकी, जपानी, ऑस्ट्रेलियन प्रेक्षक त्यात मोडत. त्यांची बोटे कोणी मागितली नाहीत. दुसरा वर्ग भारतासारख्या देशांतून स्वखर्चाने, तिकिटे काढून आलेल्या प्रेक्षकांचा. त्यांनी मायदेशातील व्हिसा केंद्रात दहाही बोटांचे ठसे दिल्यानंतरच त्यांना विमान गाठता आले होते. तिसरा वर्ग खेळाडू, प्रशिक्षक, पंच, पदाधिकारी आणि पत्रकारांचा. त्यांच्यापैकी ज्यांना एरवी व्हिसा लागला असता त्यांना व्हिसा माफ होता, मात्र ठसे माफ नव्हते. ते विमानतळावर उतरल्यावर घेण्याची व्यवस्था होती.

एकाच स्टेडियममध्ये शेजारच्या खुर्च्यांवर बसणाऱ्या दोन प्रेक्षकांना अशी वेगवेगळी वागणूक का, असा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. सुरक्षेच्या गलबल्यात तो बुडून गेला. परंतु आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा आणि परदेशी पाहुण्यांची बायोमेट्रिक, म्हणजे शरीरखुणांवरून होणारी तपासणी यांचे नाते समजून घ्यायचे असेल, तर लंडनचे उदाहरण फार बोलके आहे. ठसे घेणे आणि घेतलेले ठसे वेळेवर ताडून पाहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेथे स्पष्ट दिसले.

सनद आणि सरहद्द

ऑलिम्पिक सनदेनुसार स्पर्धेच्या अधिस्वीकृती कार्डाला प्रवेशपत्राचा दर्जा आहे. हे कार्ड आणि पासपोर्ट हाती असला, की धारकास यजमान देशात प्रवेश मिळतो आणि स्पर्धेपूर्वी एक महिना व नंतर एक महिना राहता येते. यजमानपद मागतानाच प्रत्येक देशाच्या सरकारला ही अट मान्य करावी लागते. सार्वभौम राष्ट्राने आपल्या सरहद्दीवरील अधिकाराचा काही भाग एका क्रीडासंघटनेच्या कार्डापुढे बाजूला ठेवावा, ही तशी असाधारण गोष्ट. ब्रिटनने तर मुदत आणखी सैल केली आणि ३० मार्च ते ८ नोव्हेंबर २०१२ या काळात ही कार्डे व्हिसाऐवजी ग्राह्य धरली.

मात्र व्हिसा नाही म्हणजे व्हिसा अर्जाबरोबर घेतले जाणारे ठसेही नाहीत, ही पळवाट ब्रिटिश गृहखात्याच्या ध्यानात आली होती. म्हणून नियमांत दुरुस्ती करून कार्डधारकांचे ठसे आणि छायाचित्र सीमेवरच घेण्याचा अधिकार इमिग्रेशन अधिकाऱ्यांना देण्यात आला. शिवाय अधिस्वीकृतीसाठी आलेली नावे संयोजन समितीकडून गृहखात्याकडे पार्श्वभूमी तपासणीसाठी जात. कार्डे देणारी समिती असली, तरी नकाराचा हात सरकारचाच होता. सीरियाच्या ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष जनरल मोवफाक जुमा यांना जून २०१२ मध्ये प्रवेश नाकारण्यात आला, तो याच अधिकारात.

लंडनला यजमानपद मिळाल्याची घोषणा ६ जुलै २००५ रोजी झाली आणि दुसऱ्याच दिवशी तेथील भुयारी रेल्वे व बसमध्ये झालेल्या स्फोटांत ५२ निरपराध लोकांचा बळी गेला. हल्लेखोर ब्रिटनमध्येच राहणारे होते. सीमेवरील ठशांनी ते अडले नसते. तरीही पुढील सात वर्षांतील सुरक्षेच्या प्रत्येक चर्चेवर त्या दिवसाची छाया राहिली.

आश्रितांपासून प्रेक्षकांपर्यंत

ब्रिटनमध्ये परकीयांचे ठसे घेण्याची पद्धत ऑलिम्पिकमुळे सुरू झाली, असे मात्र नव्हे. १९९३ च्या कायद्याने राजकीय आश्रय मागणाऱ्यांचे ठसे घेण्यास सुरुवात झाली. २००३ मध्ये श्रीलंकेत व्हिसा अर्जदारांवर त्याचा प्रयोग करण्यात आला. नंतर तो आफ्रिकेत नेला गेला आणि २००७ अखेरपर्यंत जगभरातील ब्रिटिश व्हिसा केंद्रांत दहा बोटांचे ठसे व डिजिटल छायाचित्र अनिवार्य झाले. पाच वर्षांखालील मुलांना ठशांतून सूट होती, छायाचित्रातून नव्हती. आश्रितांपासून व्हिसा अर्जदारांपर्यंत हा विस्तार पायरीपायरीने होत गेला. ऑलिम्पिकच्या निमित्ताने खेळाडूही त्यात आले.

याच काळात ब्रिटिश नागरिकांच्या बाबतीत नेमके उलटे घडले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. टोनी ब्लेअर सरकारने २००६ मध्ये राष्ट्रीय ओळखपत्राचा कायदा केला. त्यात नागरिकांच्या ठशांची राष्ट्रीय नोंदवही प्रस्तावित होती. खासगीपणाच्या मुद्द्यावर देशभर वादळ उठले. २०१० मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडी सरकारने तो कायदा रद्द केला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये नोंदवहीतील माहिती समारंभपूर्वक नष्टही करण्यात आली. दरम्यान डिसेंबर २००८ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही ब्रिटनला फटकारले होते. दोषी न ठरलेल्या व्यक्तींचे ठसे व डीएनए नमुने अमर्याद काळ जपून ठेवणे हा खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग आहे, असा तो निकाल. म्हणजे ऑलिम्पिकला दीड वर्ष उरले असताना ब्रिटिश माणसाची बोटे मोकळी झाली होती. परदेशी पाहुण्याची मात्र नोंद होत राहिली, आणि तिची मुदत होती दहा वर्षे.

हुगळीहून लंडनला

ठशांच्या या प्रवासाला भारतीय वाचकांच्या दृष्टीने एक जुनी किनार आहे. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची शासकीय पद्धत लंडनने भारतात शिकली. विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने १८५८ मध्ये बंगालमध्ये एका स्थानिक कंत्राटदाराकडून करारनाम्यावर पंजाचा ठसा घेतला. पुढे हुगळी येथे त्याने निवृत्तिवेतनधारकांसाठी आणि दस्तनोंदणीसाठी ही पद्धत वापरली. बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जाणारी ठशांची वर्गवारी प्रत्यक्षात सिद्ध करण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. कोलकात्यात १८९७ मध्ये ठसे विभाग सुरू झाला. लंडनच्या स्कॉटलंड यार्डमध्ये तो आला १९०१ मध्ये.

व्हिसा केंद्राच्या बाबतीतही भारताचा, त्यातही मुंबईचा, संबंध येतो. सरकारांच्या वतीने व्हिसा अर्ज व ठसे गोळा करण्याचा व्यवसाय करणारी व्हीएफएस ही कंपनी २००१ मध्ये मुंबईत अमेरिकी वकिलातीच्या कामापासून सुरू झाली. ऑलिम्पिकच्या वेळी भारतातील ब्रिटिश व्हिसा अर्जही तिच्याच केंद्रांत स्वीकारले जात. निर्णय दूतावासाचा, काउंटर कंपनीचा, अशी ही वाटणी आहे. काचेच्या पट्टीवर आधी चार बोटे, मग दुसऱ्या हाताची चार, शेवटी दोन्ही अंगठे, एवढाच तो विधी. शाई नाही, त्यामुळे हातही काळे होत नाहीत. मात्र बोटांवर जखम, चिकटपट्टी किंवा मेंदी असू नये, अशी स्पष्ट सूचना ब्रिटिश मार्गदर्शिकेत होती. लग्नसराईत अर्ज करणाऱ्या मंडळींना या ओळीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आयुष्यभर भांडी घासलेल्या, गवंडीकाम केलेल्या अथवा शेतात राबलेल्या माणसांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. वयोवृद्धांचेही तसेच. मुलाकडे किंवा मुलीकडे लंडनला निघालेल्या आजी-आजोबांना पुन:पुन्हा बोट टेकवायला सांगण्याचे प्रसंग यंत्राच्या या मर्यादेतून येतात. यंत्राला ठसा दिसला नाही म्हणजे माणूस संशयास्पद, असा अर्थ होत नाही. पण रांगेतल्या माणसाला तसे वाटत राहते.

घेतलेले ठसे दोन ठिकाणी ताडून पाहिले जात. एक, इमिग्रेशन व आश्रय प्रकरणांचा ठसेसंग्रह. दोन, ब्रिटिश पोलिसांचा राष्ट्रीय संग्रह. पूर्वी वेगळ्या नावाने अर्ज केलेला, हद्दपार झालेला किंवा गुन्ह्यात नोंद असलेला माणूस यातून सापडू शकतो. ज्याची कोठेच नोंद नाही, त्याच्याविषयी ठसा काहीही सांगत नाही.

हीथ्रोवरील ४८२ प्रसंग

व्हिसाधारक हीथ्रोवर उतरला, की त्याची बोटे पुन्हा यंत्रावर ठेवून मूळ ठशांशी जुळवणे ही या साखळीतील शेवटची आणि खरे तर सर्वांत महत्त्वाची कडी. मुंबईत अर्ज करणारा आणि लंडनमध्ये उतरणारा माणूस एकच आहे, याची खात्री येथे होते. ही कडी किती कच्ची होती हे ऑलिम्पिकच्या आठ-नऊ महिने आधी उघड झाले आणि ब्रिटिश राजकारणात मोठा गदारोळ उडाला.

नोव्हेंबर २०११ मध्ये सीमा विभागाचे प्रमुख ब्रॉडी क्लार्क यांना निलंबित करण्यात आले. उन्हाळ्यातील गर्दीत काही तपासण्या सैल करण्याच्या मर्यादित प्रयोगाला गृहमंत्री थेरेसा मे यांनी मान्यता दिली होती. क्लार्क यांनी ती मर्यादा ओलांडून ठशांची पडताळणीही थांबवू दिली, असा त्यांच्यावर आरोप होता. क्लार्क यांनी तो फेटाळला, राजीनामा दिला आणि संसदीय समितीपुढे आपली बाजू मांडली. विमानतळावर माणसे कोंडून धोका निर्माण होतो, तेव्हा काहीतरी सोडावेच लागते आणि सर्व तपासण्यांत ठशांची पडताळणी सर्वांत शेवटच्या क्रमांकाची आहे, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता.

या प्रकरणाची चौकशी सीमाविषयक स्वतंत्र मुख्य निरीक्षक जॉन व्हाइन यांनी केली. फेब्रुवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालातील आकडा थक्क करणारा होता. जून २०१० ते नोव्हेंबर २०११ या काळात ठशांची पडताळणी ४८२ वेळा स्थगित करण्यात आली होती आणि त्यांपैकी ४६३ प्रसंग एकट्या हीथ्रोवरचे होते. ज्या विमानतळावरून ऑलिम्पिकचे बहुसंख्य परदेशी पाहुणे येणार होते तोच हा विमानतळ.

लक्षावधी लोकांकडून हजारो मैलांवर ठसे घ्यायचे, त्यासाठी केंद्रे उभारायची, अर्जदाराने रजा काढून, प्रवास करून तेथे जायचे आणि शेवटी रांग लांबली म्हणून यंत्र बाजूला ठेवायचे. हे केवळ प्रशासकीय ढिसाळपणाचे उदाहरण मानले तर चूक होईल. बोटे जुळवायला प्रत्येक प्रवाशामागे काही अधिक सेकंद लागतात. एका जंबो विमानातील प्रवाशांचा हिशेब केला की त्या सेकंदांचे तास होतात. युरोपबाहेरील प्रवाशांना ४५ मिनिटांत बाहेर काढण्याचे उद्दिष्ट आणि संपूर्ण तपासणीचा आग्रह, दोन्ही पाळायचे तर माणसे वाढवावी लागतात. त्याच काळात काटकसरीपायी ती कमी केली जात होती.

अहवालानंतर मार्च २०१२ मध्ये सीमा दल इमिग्रेशन यंत्रणेपासून वेगळे काढण्यात आले आणि तपासण्या पुन्हा कडक झाल्या. परिणाम अपेक्षितच होता. एप्रिलमध्ये हीथ्रोवरील रांगा दोन तासांच्या पुढे गेल्या आणि ऑलिम्पिकच्या तोंडावर देशाची शोभा होते आहे, असा ओरडा वृत्तपत्रांनी केला. प्रत्यक्ष स्पर्धेच्या वेळी मात्र गर्दीच्या तासांना सर्व काउंटर चालू ठेवण्यात आले, गेम्स फॅमिलीसाठी स्वतंत्र मार्गिका आखल्या गेल्या आणि कर्मचाऱ्यांची जादा कुमक मागवली गेली. रांगा आटोक्यात राहिल्या. त्या उन्हाळ्यात ब्रिटनला आलेल्या परदेशी पाहुण्यांची एकूण संख्या आदल्या वर्षीपेक्षा कमीच भरली, ही गोष्टही अधिकाऱ्यांच्या पथ्यावर पडली.

लाल कपड्यातील अनोळखी

२७ जुलैच्या उद्घाटन सोहळ्यात सुशीलकुमार तिरंगा घेऊन पुढे निघाला, तेव्हा भारतीय पथकाच्या अग्रभागी लाल सदरा आणि निळी विजार घातलेली एक अनोळखी तरुणी चालताना जगभर दिसली. पथकप्रमुखांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. संयोजन समितीचे अध्यक्ष सेबॅस्टियन को यांनी खुलासा केला, की ती सोहळ्यातील कलाकारांपैकीच होती आणि उत्साहाच्या भरात पथकात शिरली. म्हणजेच ती तपासणी चुकवून आत आलेली नव्हती. रीतसर तपासणी होऊन, ओळखपत्र गळ्यात घालूनच आत आली होती. बायोमेट्रिक यंत्रणा माणूस कोण आहे हे सांगते. तो पुढच्या क्षणी काय करील, हे सांगणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. इतका सोपा पुरावा एरवी मिळाला नसता.

ऑगस्टमध्ये कॅमेरूनच्या पथकातील सात खेळाडू क्रीडाग्रामातून नाहीसे झाले. पाच मुष्टियोद्धे, एक जलतरणपटू आणि एक फुटबॉलपटू. त्यांच्या कार्डांची मुदत नोव्हेंबरपर्यंत असल्याने त्या दिवशी त्यांनी कोणताही कायदा मोडलेला नव्हता. अशा प्रकरणांत ठशांचा उपयोग असतो तो नंतर. आश्रयाचा अर्ज आला, की माणूस कोण आणि कधी आला हे वादातीत ठरते. तेव्हा या यंत्रणेचे खरे काम स्पर्धेच्या सुरक्षेपेक्षा स्पर्धेनंतरच्या स्थलांतराशी अधिक निगडित आहे, असे म्हणावे लागते. स्पर्धेच्या सुरक्षेवर खरे संकट कोसळले ते निराळ्याच बाजूने. जी-फोर-एस या कंपनीला ठरलेले सुरक्षारक्षक पुरवता आले नाहीत आणि ऐनवेळी आणखी ३५०० सैनिक बोलवावे लागले.

आधी आणि नंतर

मोठ्या स्पर्धा हे अशा तंत्रांचे आवडते प्रयोगशाळागृह राहिले आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये क्रीडाग्रामात शिरताना पंजाची ठेवण मोजणारी यंत्रे होती. जानेवारी २००१ मध्ये अमेरिकेतील टॅम्पा येथे सुपर बोल सामन्याला आलेल्या प्रेक्षकांचे चेहरे त्यांना न सांगता कॅमेऱ्यांनी टिपून गुन्हेगारांच्या छायाचित्रांशी ताडले गेले. १९ चेहरे जुळल्याचे सांगण्यात आले, अटक एकालाही झाली नाही. २००६ च्या जर्मनीतील फुटबॉल विश्वचषकाची तिकिटे चिप बसवलेली होती आणि खरेदीसाठी पासपोर्ट क्रमांक द्यावा लागे. दारावर मात्र नावाची पडताळणी सरसकट झाली नाही. येथेही माहिती गोळा झाली, ताडली गेली नाही.

२०१८ मध्ये रशियाने वेगळी वाट धरली. तिकीटधारकाने छायाचित्रासह ‘फॅन आयडी’ घेतला की व्हिसाची गरजच नव्हती. कतारने २०२२ मध्ये ‘हय्या’ कार्डाद्वारे साधारण हेच केले. टोकियोत २०२१ मध्ये झालेल्या ऑलिम्पिकसाठी खेळाडू, अधिकारी व पत्रकारांची ओळख चेहऱ्यावरून पटवणारी एनईसी कंपनीची यंत्रणा होती. परदेशी प्रेक्षकांना करोनामुळे येऊच दिले नाही. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिम्पिकसाठी फ्रान्सने खास कायदा करून कॅमेऱ्यांतील दृश्यांचे संगणकीय विश्लेषण करण्यास मुभा दिली, परंतु त्यासाठी चेहरा ओळखण्याचे तंत्र वापरण्यास त्याच कायद्यात मनाई केली. युरोपात येणाऱ्या बाहेरच्या प्रवाशांची बोटे व चेहरा नोंदवणारी सीमायोजना ऑलिम्पिकच्या गर्दीत नको म्हणून लांबणीवर टाकण्यात आली आणि ती १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. हीथ्रोचा धडा युरोपने घेतला म्हणायचा. फरक एवढाच, की या योजनेत अमेरिकी व ब्रिटिश पर्यटकांनाही बोटे टेकवावी लागतात.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांना २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाचे यजमानपद मिळाले. अमेरिकी व्हिसासाठी दहा बोटांचे ठसे फार पूर्वीपासून द्यावे लागतात. २६ डिसेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने देशात येणाऱ्या आणि देशाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक परकीयाचे छायाचित्र घेण्याचा अधिकार सीमा अधिकाऱ्यांना दिला.

या यादीत भारतही आहे. ई-व्हिसावर येणाऱ्या परदेशी पाहुण्यांचे ठसे भारतीय विमानतळांवर घेतले जातात. २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकासाठी वानखेडे किंवा गहुंजेच्या मैदानावर येण्यासाठी ई-व्हिसा घेतलेल्या इंग्लिश प्रेक्षकानेही मुंबईच्या विमानतळावर काचेच्या पट्टीवर बोटे टेकवली होती. पाकिस्तानी प्रेक्षकांना ई-व्हिसाची सोयच नव्हती आणि तेथील पत्रकारांचे व्हिसाही रखडले होते.

२०१२ साली लंडनचा व्हिसा घेणाऱ्यांच्या ठशांची दहा वर्षांची मुदत २०२२ मध्ये पुरी व्हायची होती. दरम्यान ज्यांनी पुन्हा अर्ज केला त्यांची मोजणी नव्याने सुरू झाली. ब्रिटनने ठसे ठेवण्याची कमाल मुदत नंतर पंधरा वर्षांपर्यंत वाढवली आहे.